चौतीस बॉयलरांचे कासमभाई

कासमभाई मुकादम बॉयलरला उदबत्ती दाखवायचे, आणि त्यावरून आमच्या ऑफिसात वर्षाला निदान दोन फोन यायचे.

पहिला फोन कौतुकाचा असायचा. एखादी नव्याने आलेली मराठी नाहीतर गुजराती गृहिणी म्हणायची, "तुमचा माणूस किती श्रद्धाळू आहे हो! नाव कासम, पण यंत्राला उदबत्ती ओवाळल्याशिवाय हात लावत नाही." दुसरा फोन शिव्याशापांचा. एका सुदानी बाईंनी तर मला स्वच्छ बजावलं होतं की, तुमचा मेकॅनिक माझ्या घरात करणी करतो आहे, त्याला आत्ताच्या आत्ता परत बोलवा. मी दोघींनाही एकच सांगायची, "मॅडम, तो धूर बघतोय."

ते खरंच धूर बघत. गॅसवर चालणाऱ्या जुन्या बॉयलरच्या डोक्यावर धुराड्याचा पाइप असतो. आतली जळकी हवा त्यातून बाहेर जायला हवी. कासमभाई बॉयलर पेटवायचे आणि पाइपाच्या तोंडाशी उदबत्ती धरायचे. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. तो माघारी फिरून माणसाच्या तोंडावर आला तर समजायचं, जळकी हवा घरातच परत येते आहे. "त्या हवेला वास नाय, रंग नाय," ते म्हणायचे. "चोर येतो तेव्हा निदान कुत्रा तरी भुंकतो. ही येते ते कोणालाच कळत नाय."

मी तेव्हा दुबईत अल कूजच्या एका मेंटेनन्स कंपनीत तक्रारी घ्यायच्या टेबलावर होते. नवरा सकाळी सहाला कंपनीच्या बसने जबल अलीला जायचा, मुलगा शाळेत, आणि मी घरात बसून भिंतींशी भांडायच्या बेताला आले होते, म्हणून ही नोकरी धरली. मालक प्रधान साहेब आपलेच, ठाण्याचे. आमच्याकडे एसीची कंत्राटं पुष्कळ होती, पण कंपनीचं जुनं आणि मानाचं कंत्राट म्हणजे समुद्राजवळची चौतीस व्हिलांची एक वसाहत. सत्तरच्या दशकात कुठल्याशा तेल कंपनीने ती आपल्या गोऱ्या साहेबांसाठी बांधली होती. आपण लोणच्याच्या बरण्या गुंडाळून आणतो तसे त्या लोकांनी येताना आपल्या थंड देशातले बॉयलर आणले आणि घरोघरी एकेक बसवला. पुढे गोरे गेले, भाडेकरू सगळ्या देशांचे आले, बॉयलर तिथेच राहिले.

वाळवंटात बॉयलर कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच असं चटके देतं की आम्ही बादली भरून रात्रभर निवत ठेवायचो. पण नोव्हेंबर ते मार्च पाणी खरंच गार असतं, आणि कोमट पाण्याची सवय लागलेला माणूस दोन तासही थांबत नाही. पहिली थंडी पडली की माझा फोन सुरू व्हायचा आणि कासमभाईंचा मोसमही.

ते दापोलीकडच्या खाडीकाठचे. वडील बोटीवर आगवाले होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. कासमभाईंनीही उमेदीची सात-आठ वर्षं बोटीच्या पोटातच काढली. पन्नाशी उलटलेला, काटक, काळासावळा माणूस. शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं, आणि पायात स्वच्छ मोजे, कारण लोकांच्या घरात बूट काढून जायचं तर फाटके मोजे दिसू नयेत. राहायला सोनापूरच्या कामगार कॅम्पात, एका खोलीत आठ जण. दर दोन वर्षांनी गावी जायचे. साहेबांसमोर ते मला मॅडम म्हणायचे आणि साहेब केबिनमध्ये गेले की बाय. मला बाय जास्त आवडायचं.

सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले असल्याने कामाचा कागद ते मराठीत भरायचे आणि मी तो इंग्रजीत करून वसाहतीच्या ऑफिसला पाठवायची. ते लिहायचे, "म्हातारा थकला आहे. श्वास घेतो पण खोकतो. छातीत मुंग्यांनी घर केले होते ते काढले." याचं इंग्रजी करताना माझी जी त्रेधा उडायची! सगळे बॉयलर त्यांच्या लेखी म्हातारे होते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होता. सात नंबरचा रागीट, अकराचा आळशी, सव्वीसचा "आतल्या गाठीचा, दिसतो शांत".

घरी गेल्यावर पाना हातात घेण्याआधी ते एक बादली पालथी घालून बॉयलरसमोर पंधरा मिनिटं नुसते बसायचे. बायका अस्वस्थ व्हायच्या. एकीने मला विचारलं होतं, याला तासावर पगार आहे का? मी कासमभाईंना ते सांगितलं तेव्हा ते मुळीच रागावले नाहीत. "बाय, डॉक्टर पण आधी विचारतो की काय दुखतं. ह्याला तोंड नाय, म्हणून आपण ऐकायचं." मग उठून नेमका एकच स्क्रू सोडवायचे. बाकीचे मेकॅनिक जिथे अख्खी पेटी खोलून बसायचे, तिथे ते अर्ध्या तासात पार्ट बदलून हात पुसत असायचे.

पार्ट बदलण्याचीही त्यांची एक रीत होती. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर जुना पार्ट आणि नवा पार्ट शेजारी शेजारी मांडायचे आणि घरातल्या बाईला बोलावून दाखवायचं: हे बघा वहिनी, हे रबर असं मऊ असायला पाहिजे, हे तुमचं बघा, पापडासारखं झालंय. बाईला त्यातलं काही कळो न कळो, दाखवल्याशिवाय जुना पार्ट घराबाहेर न्यायचा नाही. चहासुद्धा नळाला गरम पाणी आल्यावरच. आधी दिलेला चहा गार होऊन जायचा, मग तोच गार चहा ते पिऊन टाकायचे, नवा करू द्यायचे नाहीत.

याच रीतीमुळे एकदा मजा झाली. वसाहतीतल्या चिटणीस वहिनींच्या घरी बर्नरची जेट बदलायची होती. जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी खिळा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून गॅस येतो. कासमभाईंनी नवी जेट वर्तमानपत्रावर मांडली आणि सिलिंडर बंद करायला ते मागच्या अंगणात गेले. नेमकी त्या दिवशी होती खंडेनवमी. परत येऊन बघतात तो जेटवर हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूची पाकळी, आणि वहिनी हात जोडून उभ्या. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. कासमभाईंनी वहिनींची पूजा पूर्ण होऊ दिली. मग पेटीतले पाने, पक्कड, हातोडी, सगळं ओळीने मांडलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्यांना लावा, पाहिजे तेवढं लावा. पण हे लेकरू नाजूक हाय, ह्याच्या नाकात कुंकू गेलं तर ज्योत पिवळी होईल."

त्या भोकात सुई घालायची नसते, भोक मोठं होतं. त्यांनी वहिनींकडून दात घासायचा नवा ब्रश मागितला, त्याचा एक केस उपटला आणि अर्धा तास बसून कुंकवाचा कण न् कण काढला. ज्योत निळी झाली तेव्हाच उठले. हत्यारांवरचं हळदकुंकू मात्र त्यांनी पुसलं नाही. संध्याकाळी कॅम्पातल्या लोकांनी चिडवलं तर म्हणाले, "मायेनं लावलंय, पुसायला काय घाई हाय?" वहिनींनी हे ऐकल्यावर पुढे दर खंडेनवमीला त्यांच्यासाठी श्रीखंडाचा डबा ऑफिसात येऊ लागला. त्यातलं अर्धं आम्ही खायचो, हे वहिनींना कळू दिलं नाही.

वर्कशॉपच्या मागे शेडमध्ये त्यांचं एक दफनस्थान होतं. कुठेतरी पाडलेल्या जुन्या इमारतींमधले आठ-दहा मेलेले बॉयलर त्यांनी तिथे जमवून ठेवले होते. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे एखादं बटण, झाकण, बर्नर हवा असला की ते त्या मेलेल्यांमधून काढायचे. पण तीन गोष्टी जुन्या वापरायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. एक रबर, दोन वायसर, आणि तीन राखणदार.

राखणदार हे त्यांनी दिलेलं नाव. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तो रात्रंदिवस गाव राखतो. बॉयलरच्या पोटात एक छोटी ज्योत कायम जळत असते आणि तिच्यात पेन्सिलीएवढी तांब्याची काडी असते. काडी तापलेली आहे तोवर गॅसची झडप उघडी. ज्योत विझली, काडी निवली, की झडप आपोआप बंद. हा राखणदार खराब झाला तर नवाच घालायचा. तो दुबईत मिळेनासा झाला तेव्हा कासमभाईंनी नऊ नंबरात राहणाऱ्या एका इंग्रज म्हाताऱ्याला गळ घातली आणि सुट्टीवरून येताना त्याने मोज्यांत गुंडाळून सहा राखणदार आणले. विमानतळावर त्याला अडवून तासभर चौकशी झाली म्हणे. म्हाताऱ्याने कासमभाईंबद्दल चकार शब्द काढला नाही, वर तो हे सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटला.

प्रधान साहेब वैतागायचे. "कासमभाई, शेडमध्ये दहा पडलेत ना? त्यातला एक लावा न् यल्ला, चला, खलास करा!"

"साहेब, बटण जुनं लावीन, झाकण जुनं लावीन. राखणदार उसना नाय आणत कोणी," एवढं बोलून ते कामाला लागायचे. साहेब माझ्याकडे बघायचे, मी टायपरायटरकडे बघायची.

आता ज्या हिवाळ्याने सगळं बदललं त्याबद्दल. त्यात माझाही हात होता, म्हणून लिहायला जरा जड जातं.

एकोणीस नंबरच्या व्हिलात जयंत आणि मेधा हे जोडपं राहायचं. माझी त्यांच्याशी मैत्री होती. डिसेंबरात मेधाला मुलगी झाली. बाळंतपणाला तिची आई, माई, कराडहून आल्या. बाई मोठ्या कर्त्या. आल्या आल्या त्यांनी घराचा ताबा घेतला: डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि सकाळी दोन तास बाळ-बाळंतिणीची कढत पाण्याची न्हाणी. मी बाळ बघायला गेले तर खोली अशी उबदार की मला आमच्या आईचीच आठवण झाली. मी तसं बोललेही. घरी आले तर डोकं ठणकत होतं, आणि मी दोष दिला धुरीला.

कासमभाई तेव्हा गावी गेले होते. एकोणीस नंबरवरून तक्रार आली की बॉयलरची ज्योत सारखी विझते. आमचा एसीचा टेक्निशियन सुनील जाऊन ती पेटवून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. साहेब म्हणाले, बाळंतीण आहे घरात, काहीही करा पण पाणी चालू ठेवा. चौथ्यांदा सुनील आला तो हसतच. "मॅडम, फिक्स केलं एकदाचं. आता नाही विझणार." मी कागदावर ओके लिहिलं आणि फाइल बंद केली.

चार दिवसांनी कासमभाई परत आले. त्यांची रीत अशी की, गावाहून आणलेले काजू टेबलावर ठेवायचे आणि आपल्या गैरहजेरीतले कागद वाचायला मागायचे. एकोणीस नंबरच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"चार खेपा झाल्या. बदललेला पार्ट कुठाय?"

"पार्ट नव्हता लागला. सुनीलने फिक्स केलं."

"पार्ट न बदलता फिक्स झालं?" त्यांनी चष्मा काढला. "त्या घरात कोण हाय आता?"

मी सांगितलं. बाळंतीण, पंधरा दिवसांचं बाळ, आजी. ते उठलेच. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "बाय, तुम्ही चला. बाळंतिणीचं घर, मी परका पुरुष आत कसा जाऊ?"

पिकअपने आम्ही तडक एकोणीस नंबरला पोचलो. माईंनी दार उघडलं आणि कासमभाईंना बघून अर्धं लोटून घेतलं. मी पुढे झाले, हे आमचे जुने माणूस, दोन मिनिटं बॉयलर बघतील म्हणाले. बॉयलर न्हाणीघराबाहेरच्या बोळात होता आणि न्हाणी चालू होती. कासमभाईंनी आधी वर बघितलं. भिंतीत वरती झरोका होता, बॉयलरला हवा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेला. त्यावर पुठ्ठा लावून चारही बाजूंनी तपकिरी टेप मारली होती. बोळातल्या खिडकीच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून.

त्यांनी उदबत्ती पेटवून पाइपाच्या तोंडाशी धरली. धूर क्षणभर घुटमळला आणि सरळ त्यांच्या तोंडावर आला. मग त्यांनी खालचं झाकण काढलं. राखणदाराची झडप तांब्याच्या तारेने उघडी बांधून टाकली होती. आता ज्योत विझो नाहीतर जळो, गॅस येतच राहणार होता.

इतक्या वर्षांत मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "बाय, आत जा! पोराला आणि आईला उचल आणि अंगणात ने! आत्ता!" गॅस बंद करून त्यांनी पुढचं दार, मागचं दार सताड उघडलं आणि हाताने झरोक्यावरची टेप ओरबाडायला लागले.

माई कडाडल्या. "अहो, चाळीस दिवस तिला वारा लागता कामा नये! ओल्या अंगाने बाहेर काढताय? तुमच्या घरात लेकीबाळी नाहीत का?"

"तीन हायत," कासमभाई म्हणाले. "आई, माझ्या बायकोचं बाळंतपण पण असंच झालं, दारंखिडक्या लावून. पण तिथं चूल होती आणि वर कौलं होती, आई. धुराला वाट होती. इथं नाय." मग जरा खाली आवाजात विचारलं, "पोरीचं डोकं दुखतं का?"

"बाळंतिणीला अशक्तपणा असतोच. उठली की चक्कर येते, मळमळतं..."

"आणि लेकरू?"

माई पहिल्यांदाच थांबल्या. "गुणाची आहे. रडतच नाही. दोन दिवस नुसती झोपून असते."

मेधाला चादरीत गुंडाळून मी अंगणात उन्हात बसवलं होतं आणि बाळ माझ्या हातात होतं, जड आणि गप्प. कासमभाई बाहेर आले, दोन हात लांब उभे राहिले आणि त्या बाळाकडे नुसते बघत राहिले. बराच वेळ गेला. मग तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. कासमभाई खाली वाळूत बसले आणि त्यांनी तोंडावर हात घेतले.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासलं, दिवसभर ऑक्सिजनवर ठेवलं आणि जयंतला सांगितलं की, वेळेवर आणलंत. किती वेळेवर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

नंतर हळूहळू सगळं लक्षात आलं. राखणदाराला काही झालेलंच नव्हतं. खोलीतली हवा संपत आली की ती छोटी ज्योत मरायची आणि राखणदार गॅस तोडायचा. चार वेळा त्याने आपलं काम चोख केलं होतं आणि चारही वेळा ते मी तक्रार म्हणून लिहून घेतलं. मी कासमभाईंसमोर रडले. त्यांनी मला माफबिफ केलं नाही. "चूक झाली," एवढंच म्हणाले. "माझी पण झाली. मी गावी जाताना कोणाला शिकवून नाय गेलो. एसीवाल्याला काय माहीत?" सुनीलला मात्र त्यांनी पुढे महिनाभर बरोबर फिरवलं आणि रोज त्याच्याकडून एकदा तरी राखणदार खोलून बसवून घेतला.

बॉयलर बंद राहिला तेवढे दिवस पाण्याचं काय, तर हा माणूस सकाळी कॅम्पातून पहिल्या बसने निघायचा, एकोणीस नंबरच्या अंगणात मोठ्या शेगडीवर पातेलं चढवायचा आणि बादल्या भरून न्हाणीघराच्या दारापर्यंत आणून ठेवायचा. दार वाजवून पाठ फिरवून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी माईंनी डिंकाचा लाडू ताटलीत घालून स्वतः बाहेर आणला. "घ्या," म्हणाल्या. "बाळंतिणीचा आहे, पण तुम्हालाही लागतो तो." ते लाडू खाताना माई शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

इथवर कोणीही चांगल्या माणसाने केलं असतं, असं म्हणता येईल. पुढचं मात्र कासमभाईच करू जाणे.

जानेवारीत ते माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "बाय, एक पत्र लिहायचंय, वसाहतीच्या ऑफिसला. मी मराठीत सांगतो, तू इंग्रजीत कर." त्यांनी सांगितलेलं पत्र माझ्या अजून लक्षात आहे. "चौतीस बॉयलर मी पंधरा वर्षे सांभाळले. आज एकातही खोट नाही. तरी हे सगळे काढून विजेचे गिझर बसवावे. पार्ट माझ्या हातात आहे. घरातले माणूस खिडकी कधी लावील, ते माझ्या हातात नाही."

मी पेन खाली ठेवलं. "कासमभाई, विजेचे गिझर कोणीही बसवेल. तुम्हाला मग इथे कोण ठेवील?"

"नाय ठेवणार."

साठीला तीन वर्षं कमी होती. या वयाला नवा व्हिसा कोण देतो? गावी धाकटी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

"ती नर्स होणार हाय ना?" ते म्हणाले. "तिला कोणी विचारलं, तुझ्या बापानं काय केलं, तर मी काय तिला सांगू, तुझ्या फीपायी गप्प बसलो? लिही तू."

साहेबांनी पत्र वाचलं आणि हताश होऊन मला म्हणाले, "अहो, हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय!" त्यांनी ते पत्र दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं. कासमभाई रोज येऊन विचारायचे, "साहेब, गेलं?" शेवटी साहेबांनीच आपल्या सहीचं पत्र जोडून ते पाठवलं. प्रधान साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त दोन आठवडे लागले.

वसाहतीने मान्य केलं. काम सव्वा वर्ष चाललं, कारण घरात माणसं राहत असताना एकेक बॉयलर उतरवायचा होता. तो मोडायचा म्हणून कासमभाईंनी हयगय केली नाही. तीच बादली, तेच वर्तमानपत्र. काही घरांतल्या बायकांनी डोळे पुसले, आणि चिटणीस वहिनींनी बॉयलर उतरवण्याआधी त्याला हळदकुंकू वाहिलं. या खेपेला कासमभाईंनी जेट जपायला सांगितलं नाही, पाहिजे तिथे लावा म्हणाले.

उतरवलेले चौतीसच्या चौतीस वर्कशॉपच्या अंगणात ओळीने उभे होते. कासमभाईंचा व्हिसा संपायला आठवडा राहिला होता, तेव्हा भंगारवाला ट्रक घेऊन आला. बॉयलर बघून खूश झाला. भंगार कसलं, पुसूनपासून दिलं तर अजून वीस वर्षं चालेल असा माल, असं तो हिंदीत साहेबांना सांगत होता. गिऱ्हाईकही तयार होतं. कॅम्पांच्या न्हाणीघरांना गरम पाणी हवंच असतं, सोनापूरला दहा-बारा तर हातोहात जातील. साहेबांनी मान डोलावली आणि फोन घ्यायला ते आत आले.

मी खिडकीतून बघत होते. कासमभाई शेडमधून हातोडी घेऊन आले आणि ओळीच्या टोकाला उभे राहिले. पहिल्या बॉयलरचं झाकण त्यांनी नेहमीसारखं हळूच, स्क्रू फिरवून काढलं. मग गॅसच्या झडपेवर घाव घातला. एक, दोन, तीन. पितळ फुटून बाजूला पडलं. दुसरा बॉयलर. झाकण, घाव. तिसरा.

साहेब धावत बाहेर गेले. "कासमभाई! कोणाला विचारून?"

"साहेब, सोनापूरच्या त्या न्हाणीघरांना खिडकीच नाय," कासमभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मी राहतो तिथं."

साहेब उन्हात तसेच उभे राहिले. त्यांनी कासमभाईंचा हात धरला नाही. चौथा झाला, पाचवा झाला. कासमभाईंचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि गालांवरून जे ओघळत होतं तो नुसता घाम नव्हता, हे मला इतक्या लांबूनही दिसत होतं.

भंगारवाल्याला राहवेना. तो दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि ओळीच्या मध्ये आला. "अरे चाचा, पागल हो गए क्या? ये सब चालू माल है!"

"मालूम है," कासमभाई म्हणाले. "मैंने ही चालू रखा था."

त्यांनी त्याला हाताने अलगद बाजूला केलं आणि सहाव्याचं झाकण उघडायला ते खाली वाकले.